आटती पुंजी आणि अखेरची पैज

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात वारांची नावे धारण करणारे मोहल्ले आहेत. इतवारा, बुधवारा, शनवारा ही नावे उच्चारली की जुन्या व्यापारी नगराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. बुधवाऱ्यातला मराठी माणूस दिवाळीचा पाडवा उजाडला की आणखी एका जुन्या गोष्टीची आठवण काढतो. बलिप्रतिपदेला शास्त्रकारांनी द्यूतप्रतिपदा असेही नाव दिले आहे. त्या दिवशी घरोघर चार डाव मांडण्याची चाल पूर्वापार आहे. डाव करमणुकीचा असला, तरी त्यात एक क्षण असा येतोच की ज्याच्यापुढचे पैसे संपत आलेले असतात तो खेळाडू हातातल्या पत्त्यांकडे पाहत थबकतो. उरलेले सगळे लावावे, की पत्ते टाकून पुढच्या डावाची वाट पाहावी?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु गेल्या शंभर वर्षांत मोठमोठ्या गणितज्ञांनी त्यावर बुद्धी खर्च केली आहे; आणि त्याहून पुष्कळ आधी, ज्या बऱ्हाणपुरात आज पाडव्याचे डाव मांडले जातात त्याच्याच परिसरात, राजांना आणि सेनापतींना तो प्रत्यक्ष सोडवावा लागला आहे. त्यांच्या हाती पत्ते नव्हते, माणसे होती.

प्रथम खेळाकडे पाहू. पोकर हा पत्त्यांचा खेळ अमेरिकेत वाढला. आपल्याकडच्या तीन पत्तीचा तो नातेवाईक म्हणता येईल. त्याच्या जागतिक स्पर्धेचा आरंभ १९७० मध्ये लास वेगास शहरी झाला. १९७१ पासून एकेक खेळाडू बाद होत जाऊन शेवटी एकच उरावा, अशी पद्धत तिथे रूढ झाली. सुरुवातीला मुख्य स्पर्धेचे सारे बक्षीस एकट्या विजेत्यालाच मिळे. १९७८ मध्ये ते पहिल्या काही क्रमांकांत वाटले जाऊ लागले आणि खेळाचे स्वरूपच पालटले. आता केवळ जिंकणे नव्हे, तर टिकून राहणे यालाही मोल आले. बक्षिसाच्या उंबरठ्याशी पोहोचलेला, पण पुंजी आटलेला खेळाडू हे या खेळातले सर्वांत केविलवाणे, आणि अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक, पात्र ठरले.

त्याची अडचण अशी. स्पर्धेत प्रत्येकाला आरंभी सारख्या चिप्स मिळतात. पत्ते पाहण्यापूर्वी दोघांना पाळीपाळीने सक्तीची पैज लावावी लागते. एकाला लहान, दुसऱ्याला तिच्या दुप्पट मोठी. शिवाय प्रत्येक डावात सर्वांनी थोडी वर्गणी भरायची असते. या सक्तीच्या रकमा ठरावीक वेळाने वाढवल्या जातात. त्यामुळे एकही पैज न हरता, नुसते बसून राहिल्यानेही माणूस कंगाल होतो. समजा, मोठी सक्तीची पैज १,००० चिप्सची आहे, लहान ५०० ची, आणि सर्वांची मिळून वर्गणी १,००० ची. मग पाळीचा एक फेरा पुरा होईपर्यंत प्रत्येकाच्या पुंजीतून २,५०० चिप्स जातात. ज्याच्यापाशी १०,००० आहेत, त्याचे आयुष्य चार फेऱ्यांचे. १९९५ चा जगज्जेता डॅन हॅरिंग्टन याने २००५ मध्ये आपल्या ग्रंथात हेच माप लोकप्रिय केले. आपली पुंजी किती मोठी हे पाहू नका, ती किती फेरे पुरेल हे पाहा, असा त्याचा आशय होता.

अशा वेळी अर्धवट पैज लावण्यात अर्थ नसतो. दहा हजारांपैकी चार हजार पुढे सरकवायचे आणि समोरच्याने आव्हान दिले की पत्ते टाकायचे, हा तर सर्वनाशाचा राजमार्ग. म्हणून शहाणा खेळाडू दोनच गोष्टी करतो. एक तर सगळी पुंजी एकदम लावतो, नाही तर पत्ते टाकतो. सगळे लावणाऱ्याला जिंकण्याचे दोन मार्ग असतात. समोरचे भिऊन माघार घेतील, ही एक शक्यता; तसे झाले तर पत्ते न दाखवताच २,५०० चिप्स, म्हणजे पुंजीचा चौथा हिस्सा, पदरात पडतो. कोणी आव्हान स्वीकारलेच, तर आपले पत्ते सरस ठरतील, ही दुसरी. आव्हान स्वीकारणाऱ्याला मात्र पत्त्यांचा एकच मार्ग उरतो.

तथापि पहिला मार्ग कायम खुला नसतो. दहा हजार लावणाऱ्याला अडवायचे, तर ज्याची मोठी सक्तीची पैज आधीच लागली आहे त्याला आणखी ९,००० घालावे लागतात. हिशेब केला तर शंभरांत निदान ४२ वेळा जिंकण्याची खात्री असेल तरच त्याने तसे करावे. तो विचारात पडतो. परंतु तोच खेळाडू वाट पाहत पाहत ३,००० वर आला, तर त्याला अडवायला फक्त २,००० पुरतात, आणि शंभरांत २७ वेळा जिंकण्याची संधी असली तरी भागते. तेवढी संधी टाकाऊ पत्त्यांनाही बहुधा असते. म्हणजे आता त्याला कोणी भिणार नाही. पत्ते तेच, हिंमत तीच, माणूसही तोच. गेला तो फक्त समोरच्याचा धाक. धाक गेल्यावर लावलेली पैज ही पैज राहत नाही, ती नुसती चिठ्ठी उडवणे होते.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर या हिशेबात आणखी एक वळण येते. समजा, चार खेळाडू उरले आहेत, चौघांची पुंजी सारखी आहे आणि बक्षिसे तीनच आहेत: ५०, ३० आणि २० रुपयांची. प्रत्येकाच्या जागेचे मोल २५ रुपये झाले. आता एकाने दुसऱ्याला बाद करून आपली पुंजी दुप्पट केली, तर त्याच्या जागेचे मोल ५० होईल असे वाटते. तसे होत नाही. ते होते ३८ रुपये ३३ पैसे. हरला तर मात्र पंचवीसच्या पंचवीस जातात. मेसन मॅलमथ या लेखकाने १९८७ मध्ये मांडलेल्या रीतीने हा हिशेब निघतो. त्यावरून दिसते की अशा घडीला आव्हान स्वीकारायला शंभरांत ५० नव्हे, ६५ वेळा जिंकण्याची खात्री लागते. सारांश, उंबरठ्यावर प्रत्येकाला गमावण्याचे भय अधिक असते. जो आधी पाऊल टाकतो, त्याच्या बाजूला ते भय उभे राहते. आणि आपल्याहून तुटपुंज्या पुंजीचा गडी आधी बाद होणार हे दिसत असेल, तर निमूटपणे पत्ते टाकून थांबणे यातही भ्याडपणा नसून शहाणपण असते.

या विचाराची मुळे जुनी आहेत. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ मध्ये खेळांचा गणिती सिद्धांत मांडला. १९४४ च्या त्याच्या आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र प्रकरण आहे. जॉन नॅश याच्या १९५१ च्या प्रसिद्ध निबंधात तिघांच्या पोकरचे उदाहरण सोडवलेले आढळते. अर्थशास्त्र आणि युद्धशास्त्र या दोहोंनी पुढे ही विद्या उचलली. तेव्हा पत्त्यांवरून रणांगणाकडे वळणे हे काही केवळ कविकल्पनेचे उड्डाण नव्हे.

बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्याच्या एका उंच कड्यावर असीरगड उभा आहे. दक्षिणेचे दार म्हणून तो ओळखला जाई. खानदेशच्या फारुकी सुलतानांची सारी सुरक्षितता त्या गडात साठवलेली होती. राजा अली खान हा फारुकी सुलतान १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने गोदाकाठी लढताना मारला गेला. त्याचा पुत्र बहादूर गादीवर आला. मोगल शाहजादा दानियाल अहमदनगरच्या मोहिमेवर जाताना बऱ्हाणपुरास आला, तेव्हा त्याच्या भेटीला गड उतरून जाण्याचे बहादूरने नाकारले. मग १६०० च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अकबर बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला. बऱ्हाणपूर शहर त्याच्या हाती विनासायास आले आणि बहादूर असीरगडावर कोंडला गेला.

बहादूरची पुंजी मोठी होती. धान्य, दारूगोळा, पाणी यांची गडावर वाण नव्हती. गड भेदायला लागतात तशा जड तोफा अकबराजवळ पुरेशा नव्हत्या. बादशहाच्या छावणीत तेव्हा जेरोम झेवियर हे जेझुइट धर्मगुरू होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच कुळातले. जेझुइटांच्या वृत्तांतानुसार, चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मिळवण्यासाठी पत्र लिहा, अशी आज्ञा अकबराने त्यांना केली, आणि ते आपल्या धर्माला धरून होणार नाही असे सांगून झेवियर यांनी ती नाकारली. बादशहा त्यांच्यावर रुष्ट झाला. ज्याच्या हाती साऱ्या हिंदुस्थानची दौलत होती, त्यालाही कोकणातल्या एका बंदराकडे हात पसरावासा वाटला, ही गोष्ट त्याची अडचण पुरेशी स्पष्ट करते.

अकबराची अडचण तेवढीच नव्हती. त्याच वर्षी शाहजादा सलीम उत्तरेत बंडाच्या पवित्र्यात अलाहाबादला जाऊन बसला होता. बादशहाला आग्र्याकडे परतण्याची निकड होती. म्हणजे थोरल्या पुंजीच्या खेळाडूलाही वेळ जाचत होता. परंतु वेढ्यात सापडलेल्याला स्वतःची झीज तेवढी दिसते; बाहेरच्याची दिसत नाही. ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगर पडले आणि दक्षिणेतून मदत येण्याची आशा मावळली. गडावर दाटीवाटीने कोंडलेल्या माणसांत रोगराई पसरली. पुढे माळीगडाची बाहेरची फळीही मोगलांनी घेतली. फेऱ्यामागून फेरे जात होते आणि पुंजी आटत होती.

या घडीला बहादूरने जे केले ते ना धड लढणे होते, ना धड शरण जाणे. डिसेंबर १६०० मध्ये तो गड उतरून अकबराच्या छावणीत आला. गड मात्र त्याच्याच माणसांच्या हाती लढत राहिला. तो स्वतःहून आला, की शपथ देऊन आणि फसवून त्याला आणले, याविषयी मोगल बखरकार आणि जेझुइट यांचे एकमत नाही. गड शेवटी रोगराईने खचला, की सोन्याच्या लाचेने फितला, यावरही त्यांची दोन मते आहेत. परंतु राजा शत्रूच्या तंबूत आणि त्याची शिबंदी तटावर, हे दृश्य दोन्ही पक्षांना मान्य आहे. अर्धी पुंजी पुढे सरकवून पत्ते टाकण्याचा हाच तो प्रकार. राजा गमावल्यावर त्याच्या नावाने लढणाऱ्यांचा धाक किती दिवस टिकणार? जानेवारी १६०१ मध्ये असीरगडाचे दरवाजे उघडले. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली आणि फारुकी घराण्याचे राज्य संपले. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत बांधणाऱ्या फारुकी सुलतानाचा संस्कृत शिलालेख आहे, आणि अकबराच्या या विजयाचा फारसी लेखही त्याच मशिदीत कोरलेला आहे. हरणारा आणि जिंकणारा एकाच छताखाली शेजारी झाले.

त्यानंतर सुमारे एकशे साठ वर्षे लोटली. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि झालेल्या तहात बऱ्हाणपूर व असीरगड मराठ्यांकडे आले. पाठोपाठ सदाशिवरावभाऊंची सेना परतूरहून निघाली आणि बऱ्हाणपूरवरून नर्मदेकडे गेली. विजयाने फुललेली ती सेना या वाटेने जाताना पाहणाऱ्यांपैकी कोणालाही पुढच्या पौष महिन्याची कल्पना आली नसेल.

भाऊंची पुंजी दिसायला प्रचंड होती. पण ती रोज आटत होती. दिल्ली हाती आल्यावर दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून सैन्याचा खर्च भागवावा लागला, तो १७६० च्या ऑगस्टमध्येच. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, तेव्हा धान्य आणि द्रव्य मिळाले. परंतु लागलीच अहमदशहा अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आला. नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही सेना पानिपतावर समोरासमोर ठाकल्या. अब्दालीला दुआबातून रसद मिळत होती. भाऊंचा दिल्लीशी आणि दक्षिणेशी संबंध तुटला होता. शिवाय लढवय्यांबरोबर बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा फार मोठा समुदाय होता. ही या खेळातली सक्तीची पैज. लढाई होवो न होवो, हजारो तोंडांना रोज अन्न हवेच होते.

नोव्हेंबरच्या चकमकीत मराठ्यांची सरशी झाली. घोड्यांच्या अंगात बळ होते, तोफखान्याचा दरारा होता, आणि मराठ्यांच्या सर्वस्वाच्या हल्ल्याला समोरे जाताना अब्दालीलाही दहा वेळा विचार करावा लागला असता. पण भाऊ थांबले. थांबण्यालाही कारण होते. गोविंदपंत बुंदेले शत्रूची रसद तोडतील, दक्षिणेतून पेशव्यांची कुमक येईल, सुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने तह होईल, अशा आशा होत्या. चांगल्या पत्त्याची वाट पाहणे मूर्खपणाचे नसते, फक्त वाट पाहण्याचे मोल रोज मोजावे लागते. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात गोविंदपंतही मारले गेले. छावणीत उपासमार सुरू झाली. तहाची बोलणी नजीबखानाच्या विरोधापुढे विरून गेली. जनावरे मरू लागली, आणि जानेवारीत सरदारांनी भाऊंना सांगितले की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू.

१४ जानेवारी १७६१ रोजी मराठे सर्वस्व पणाला लावून बाहेर पडले. त्या निर्णयाला दोष देता येत नाही. त्या दिवशी दुसरा निर्णय उरलाच नव्हता. दुपारपर्यंत ते जिंकत होते, हे त्यांच्या शौर्याचे प्रमाण. परंतु दोन महिन्यांपूर्वी जी पैज लावली असती तर शत्रू बिचकला असता, तीच आता त्याला हवीहवीशी वाटत होती. उपाशी घोड्यांवरून येणाऱ्या उपाशी स्वारांना अडवायला अब्दालीपाशी ताज्या दमाची राखीव फौज होती. पुंजी तीन हजारांवर आल्यावर लावलेली ही पैज होती.

याच परिसरात एक तिसरा प्रसंग घडला. त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही, कारण त्यात ना शौर्याची कथा आहे, ना फितुरीची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत दौलतराव शिंद्यांचा पराभव झाला. पुढच्याच महिन्यात कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर घेऊन असीरगडापुढे तोफा लावल्या. त्या वेळी किल्ला शिंद्यांचा होता. शिबंदीने पाहिले की मुख्य फौज मोडली आहे, मदत येणार नाही आणि वेढा लांबला तर आपलीच माणसे मरतील. २१ ऑक्टोबरला अटी ठरवून किल्ला देण्यात आला. पत्ते टाकले गेले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि त्यात बऱ्हाणपूर व असीरगड शिंद्यांना परत मिळाले. जो डाव आपला नव्हता त्यात माणसे खर्ची न घातल्याने गडही राहिला आणि माणसेही राहिली. १८१९ मध्ये इंग्रजांनी तो पुन्हा घेतला, परंतु ती निराळी कथा आहे.

तीन प्रसंग आणि तीन निर्णय. बहादूरने अर्धे लावले आणि सारे गमावले. भाऊंनी सारे लावले, पण धाक संपल्यावर. असीरगडच्या अनाम शिबंदीने वेळेवर हात आवरला आणि त्यांच्या धन्याला गड परत मिळाला. यशापयशाचा निवाडा हिमतीवर झाला नाही, वेळेवर झाला. संकटात माणूस बहुधा एवढेच विचारतो की माझे पत्ते चांगले आहेत की वाईट. विचारायला हवे ते असे: मी नुसता बसून राहिलो तर माझे किती दिवस उरले आहेत, आणि मी उठलो तर समोरच्याला अजून भय वाटेल काय? थांबणे म्हणजे निर्णय न घेणे नव्हे. थांबणे हाही निर्णयच आहे, आणि त्याची किंमत प्रत्येक फेऱ्याला वसूल होत असते.

अर्थात इतिहास म्हणजे पत्त्यांचा डाव नव्हे. अकबराला सलीम किती जाचत आहे हे बहादूरला गडावरून दिसत नव्हते, आणि पेशव्यांची कुमक वेळेवर पोहोचणार नाही हे भाऊंना ठाऊक नव्हते. आज दोन्ही बाजूंचे पत्ते उघडे पडल्यावर हिशेब मांडणे सोपे आहे. खेळात हरलेला माणूस उठून घरी जातो. पानिपतावरून हजारो घरी आले नाहीत, आणि पैज त्यांनी स्वतः लावलेली नव्हती. पैशांच्या जुगाराने उद्ध्वस्त झालेल्या घरांत बायकामुलांचीही हीच गत होते. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला, त्यामागे अशाच घरांचा विचार होता. द्यूतसभेत एकामागून एक सर्व काही पणाला लावत गेलेल्या धर्मराजाला अक्षविद्या कमी येत होती, हे खरे. पण त्याहून मोठी उणीव ही की पत्ते टाकून उठावे, हे त्याला सुचले नाही.

म्हणून पाडव्याला बुधवाऱ्यातल्या एखाद्या घरी पोरे गंमत म्हणून डाव मांडतील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांना असीरगडाची गोष्ट सांगावी. पणाला काय लावता येते याबरोबरच काय लावण्याचा आपल्याला अधिकार नाही, हेही सांगावे. आणि पुंजी थोडी उरली असताना लढायचे की थांबायचे हे ठरवायचे असेल, तर ते ठरवण्याचे सामर्थ्य अंगी आहे तोवरच ठरवा, एवढे त्यांच्या कानांवर घालावे.